हौसेचा हिशेब : बेताच्या खर्चात गोल्फ

मैत्रिणींनो, गोल्फ म्हटले की डोळ्यांसमोर काय येते ? हिरवेगार गवत, पांढरी टोपी घातलेले साहेब, त्यांच्या मागून जड पिशवी वाहणारा माणूस आणि खेळ संपल्यावर चहाच्या टेबलावर चाललेल्या लाखांच्या गोष्टी. "हे आपले काम नव्हे ग बाई," असे म्हणून आपण पान उलटतो. नाशिककर भगिनींना तर 'गोल्फ क्लब' माहीत आहे तो सकाळी फिरायला जायची जागा म्हणून. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला गाव गोल्फ क्लब म्हणते खरे, पण तिथे रंगतात ते क्रिकेटचे सामने !

एका भगिनीने मात्र धीर करून विचारले आहे : "मुलाच्या क्रिकेटच्या शिकवणीचे पैसे दरमहा भरतो. यजमानांच्या बॅडमिंटनचेही भरतो. मला गोल्फ शिकावेसे वाटते म्हटल्यावर मात्र सारे घर हसले. खरेच का हे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे ?"

घर हसले याचे वाईट वाटून घेऊ नका. हसण्यात निम्मे अज्ञान असते. आपण नेहमीप्रमाणे वही-पेन्सिल घेऊन बसू आणि हिशेब मांडू. गोल्फमधला पैसा मुख्यतः तीन वाटांनी जातो. पहिली वाट मोठ्या क्लबाच्या सभासदत्वाची, दुसरी नव्या कोऱ्या सामानाची आणि तिसरी दर आठवड्याला पुरते मैदान खेळण्याची. नवशिकीला पहिले सहा महिने या तिन्हींपैकी एकाचीही गरज नसते. हे एकदा ध्यानात आले की आकडा पुष्कळच खाली येतो.

आणखी एक. या खेळात चेंडू मारायच्या काठीलाही 'क्लब'च म्हणतात. गोंधळ नको म्हणून आपण इथे तिला काठी म्हणू.

आधी सोय कुठे आहे ते पाहा

गाव तिथे गोल्फ नाही, हे मान्यच करायला हवे. मैदान असते ते मोठ्या शहरांत, लष्कराच्या छावणीच्या गावी किंवा एखाद्या जुन्या कारखान्याच्या वसाहतीत. पुण्याला येरवड्यात पूना क्लबाचे मैदान आहे, मुंबईत चेंबूरला आणि ताडदेवच्या बाजूला जुनी मैदाने आहेत. ही सभासदांची. तिथले सभासदत्व मिळवणे हे घर घेण्यासारखे काम, ते आपण सोडून देऊ. दिल्लीत राहणाऱ्या आपल्या मराठी भगिनींची सोय अधिक बरी. तिथे लाडोसरायला दिल्ली विकास प्राधिकरणाने २००० साली कुतुब गोल्फ कोर्स सुरू केला. सभासद नसलेल्यांनी पैसे भरावेत आणि खेळावे, अशा सार्वजनिक मैदानांत तो देशातला पहिला. आपल्याकडे नव्या मुंबईत खारघरच्या डोंगराच्या कुशीत सिडकोनेही मैदान उभारले. अशा ठिकाणी निघण्यापूर्वी फोन करून वेळ, दर आणि मैदान चालू आहे ना, एवढे विचारून घ्यावे. रिक्षाचे पैसे वाचतात.

पण नवशिकीने मैदानापेक्षा 'ड्रायव्हिंग रेंज' शोधावी. ही म्हणजे नुसती फटके मारायची जागा. टोपलीभर चेंडू घ्यायचे, एका जागी उभे राहून मारायचे आणि घरी यायचे. काठी बहुतेक ठिकाणी तिथेच भाड्याने मिळते. पुष्कळ क्लब रेंज बाहेरच्या माणसांनाही उघडी ठेवतात. "सभासद नाही, पण रेंजवर खेळता येईल का ? बायकांसाठी वेगळी वेळ आहे का ? काठी भाड्याने मिळते का ?" हे तीन प्रश्न फोनवर विचारायला लाजू नका.

बेंगळूरुच्या अदिती अशोकची सुरुवात अशाच रेंजवर झाली. घरात कोणी गोल्फ खेळणारे नव्हते. आई-वडील न्याहारीला ज्या हॉटेलात जात, तिथून समोर रेंज दिसे. पाच वर्षांच्या लेकीला कुतूहल वाटले आणि तिला तिथे नेले, एवढेच. २०२१ मध्ये झालेल्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली. पदक केवळ एका फटक्याने हुकले. त्या सामन्यांत तिची पिशवी वाहत होती ती तिची आई !

पहिले तीन महिने काही विकत घेऊ नका

नवा स्वयंपाक शिकायचा म्हणून कोणी आधी सगळी भांडी घेत नाही. इथेही तसेच. पहिले तीन महिने भाड्याची काठी, घरातले पायताण आणि जुनी टोपी एवढ्यावर भागवा. खेळ आवडला नाही तर मागे काही उरत नाही. आवडला तर कोणती काठी हाताला बसते हे तोवर कळलेले असते.

महिन्याच्या खर्चातून या हौसेसाठी एक रक्कम वेगळ्या पाकिटात काढून ठेवा. नमुन्यादाखल १,२०० रुपये धरू. त्यातले निम्मे, म्हणजे ६०० रेंजसाठी. ३०० शिकवणीसाठी. आणि उरलेल्या ३०० ना हात लावायचा नाही. सहा महिन्यांत त्याचे १,८०० होतात, ते जुन्या काठीकडे जातील. तुमच्या गावचे दर निराळे असतील, तुमची रक्कमही निराळी असेल. आकडा बदला, वाटणी हीच ठेवा. पाकिटातले पैसे संपले की त्या महिन्याची रेंज संपली. उरलेला महिना घरात सराव. तो कसा, ते पुढे सांगते.

शिकवणी एकटीने घेऊ नका. तिघी-चौघी मिळून एक तास घेतला की प्रत्येकीला पाव खर्च येतो आणि दुसरीच्या चुका पाहून आपण शिकतो, हे भिशीच्या बैठकीत कोणालाही पटेल. मोबाईलवर फुकट शिकवणारे शेकड्याने आहेत, त्यांचे पाहायला हरकत नाही. पण एकाचेच पाहा. दहा जणांचे ऐकले तर दहा सासवांच्या सुनेसारखी गत होते.

चौदा काठ्या कशाला ?

नियमाप्रमाणे खेळाडूने पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवाव्यात. ही वरची मर्यादा आहे, सक्ती नव्हे ! दुकानदार मात्र पुरा संच दाखवतो आणि आपल्याला वाटते, एवढे लागतेच.

सुरुवातीला एकच काठी पुरे. तिचे नाव 'सेव्हन आयर्न'. फार लांब नाही, फार आखूड नाही, चेंडू बेताचा उंच आणि बेताचा दूर जातो. रेंजवर पहिले तीन महिने हीच वापरा. पुढे 'पटर' घ्या, म्हणजे खड्ड्याजवळ चेंडू हलकेच ढकलायची काठी. मग वाळूतून आणि गवतातून चेंडू उचलून काढणारी 'वेज'. आणि शेवटी लांबच्या फटक्यासाठी एक 'हायब्रिड' किंवा 'पाच नंबरची वूड'. अशा चार काठ्यांत बाई नऊ खड्ड्यांचे मैदान मजेत खेळून येते. मोठ्या डोक्याची 'ड्रायव्हर' महागही असते आणि नवशिकीच्या हातात सर्वांत अवखळही. तिला शेवटी घरात आणा.

चेंबूरच्या गोल्फ क्लबाशेजारच्या वस्तीतली मुले तर बांधकामाच्या लोखंडी सळ्या वाकवून त्यांच्याच काठ्या करीत आली आहेत. प्लास्टिकचा चेंडू, गल्लीबोळातले खड्डे आणि दारातली नाली चुकवत मारलेला फटका. त्यांतले कित्येक जण क्लबात कॅडीचे, म्हणजे पिशवी वाहण्याचे काम करणारे. साहेबांचा खेळ पाहून पाहून शिकले आणि आपल्या गल्लीत नेला. चौदा काठ्यांवाचून अडत नाही हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक ?

जुनी काठी पारखताना

जुनी काठी घेण्यात कमीपणा नाही. हौशी माणसे दर दोन-तीन वर्षांनी संच बदलतात आणि जुने विकतात. क्लबातले शिक्षक, तिथले दुकान, कॅडी यांच्याकडे चौकशी करावी. हाती आल्यावर असे पाहावे :

काठी डोळ्यांजवळ धरून एक डोळा मिटा, सुईत दोरा ओवताना मिटतो तसा. दांडी कुठे वाकली असेल तर लगेच दिसते. दांडी काळ्या कार्बनची असेल तर नखाने वरपासून खालपर्यंत चाचपा. लाकडी पळीला पडते तशी बारीक चीर असेल तर ती काठी नको. स्टीलची असेल तर डोक्याजवळ गंज पाहा.

डोके एका हातात धरा आणि दांडी दुसऱ्या हाताने पिळून पाहा. किंचितही हलता कामा नये. हलवल्यावर आतून खुळखुळ आवाज यायला नको.

मुठीचे रबर कुकरच्या जुन्या रिंगसारखे कडक आणि गुळगुळीत झाले असेल तर दर पाडून मागा. मूठ बदलून मिळते, त्यासाठी चांगली काठी सोडू नका.

आता महत्त्वाचे. यजमानांची किंवा दिरांची पडून असलेली काठी फुकट मिळते म्हणून लगेच घेऊ नये. पुरुषांच्या काठ्या बायकांच्या काठ्यांपेक्षा साधारण एक इंच लांब, जड आणि दांडीला ताठ असतात. उंच बाईला चालतील. पाच फुटांच्या आसपास उंची असेल तर पाठ आणि मनगट दुखेल. कापून आखूड केली तर दांडी आणखी ताठ होते आणि डोके हलके लागते. बायकांच्या काठीच्या दांडीवर बहुधा 'एल' हे अक्षर असते, ते पाहून घ्या.

चेंडू नवे घेऊ नका. नवशिकीचे चेंडू झुडपात आणि तळ्यात जायचेच. मैदानात सापडलेले जुने चेंडू डझनावर स्वस्त मिळतात.

निम्मा खेळ घरातच

अठरा खड्ड्यांच्या मैदानाचे ठरीव फटके बहुधा ७२ असतात. त्यांत प्रत्येक खड्ड्यापाशी पटरचे दोन फटके धरलेले असतात, म्हणजे ३६. निम्मा खेळ हा जमिनीवरून चेंडू ढकलण्याचा ! आणि तो दुपारची झाकपाक झाल्यावर दिवाणखान्यात, एक पैसा न खर्चता शिकता येतो.

गोल्फचा खड्डा १०८ मिलिमीटर रुंद असतो. मुलांच्या कंपासपेटीतला कंपास घ्या, ५.४ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ पुठ्ठ्यावर काढून कापा. हा तुमचा खड्डा. नुसत्या फरशीवर चेंडू फार पळतो, म्हणून जाड सतरंजी सुरकुती न पाडता ताणून घाला. तीन फुटांवरून दहा चेंडू ढकला. दहांपैकी आठ पुठ्ठ्यावरून जाऊ लागले की पाच फुटांवर जा. काठी सरळ चालावी म्हणून दोन जाड पुस्तके समांतर ठेवा आणि पटरचे डोके त्यांच्या मधून न आपटता मागेपुढे न्या. पुढे पुठ्ठ्याऐवजी स्टीलचा पेला आडवा ठेवा. तोंड खड्ड्याहून अरुंद, म्हणून पेल्यात जाणारा चेंडू मैदानावर हमखास जातो.

मोठ्या फटक्याचा सराव घरात करताना खरा चेंडू घेऊ नका. गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात तर मुळीच नाही, काच फुटेल किंवा कोणाचे डोके. विणकामातल्या उरल्यासुरल्या लोकरीचा घट्ट गोळा करा, जुन्या मोज्यात घालून शिवून टाका. सव्वाचार सेंटिमीटर जाडीचा झाला की तो खऱ्या चेंडूएवढा झाला. आणि काठी उचलण्यापूर्वी वर पंखा आणि ट्यूबलाइट कुठे आहे ते पाहा.

बायकांनी पटरवरच आपला खेळ उभा केला, त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज हे गोल्फचे माहेरघर. बाईने काठी खांद्यावर उचलून फटका मारणे त्या काळी शोभत नसे. म्हणून १८६७ साली तिथल्या बायकांनी नुसत्या पटिंगचा क्लब काढला. जमीन इतकी उंचसखल की त्या जागेला 'हिमालय' नाव पडले. ती आजही आहे आणि थोडे पैसे भरून कोणालाही तिथे खेळता येते. शेजारच्या पुरुषांच्या 'रॉयल अँड एन्शंट' क्लबाने बायकांना सभासद करून घ्यायचे ठरवले ते मात्र २०१४ साली ! तेव्हा घर हसले तर हसू द्या.

कपडे, बांगड्या आणि काठ्यांची निगा

कपड्यांचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे. बहुतेक क्लबांत जीन्स चालत नाही, कॉलरचा शर्ट लागतो. आधी विचारा, म्हणजे दारातून परत यायला नको. खिळ्यांचे बूट लगेच घेऊ नका, चांगल्या पकडीचे खेळाचे बूट चालतात. बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा, मुठीला अडतात. लांब मंगळसूत्र कपड्याच्या आत घ्या. ओढणी नकोच. हातमोजा उजखोऱ्या बाईला फक्त डाव्या हातात लागतो, म्हणजे एकच विकत घ्यायचा. खेळून झाल्यावर तो सपाट पसरून सावलीत वाळवा. उन्हात टाकला तर कातडे पापडासारखे होते.

काठीचे लोखंडी डोके कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घासा. रेघांमधली माती निघाली पाहिजे. दांडी डोक्याला जिथे जोडली आहे तो भाग पाण्यात बुडवून ठेवू नका. मूठही साबणाच्या फडक्याने पुसून कोरडी करा, पकड परत येते. तेल कधी लावू नये. पावसाळ्यात काठ्या ओल्या पिशवीत ठेवल्या तर श्रावणात गंज काढत बसावे लागेल. डोक्यांना जुन्या स्वेटरच्या बाह्यांच्या टोप्या शिवा, बाजारात त्यालाही पैसे मोजतात.

काटकसर कुठे करू नये

दोन ठिकाणी हात आखडू नका. पहिले, सुरुवातीच्या चार-पाच शिकवण्या. काठी धरायची चुकीची सवय लागली की ती मोडायला दुप्पट पैसे आणि चौपट वेळ जातो. पाठीचे, खांद्याचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरे, कॅडीची मजुरी. भाजीवाल्याशी घासाघीस करायची सवय इथे आणू नका. उन्हात तुमच्याबरोबर मैलोगणती चालणारा हा माणूस मैदानाचा प्रत्येक चढ-उतार ओळखतो, आणि नवशिकीला एका फेरीत शिकवणीपेक्षा जास्त सांगून जातो. बेंगळूरुचे मुनियप्पा कॅडीचे काम करीत करीत शिकले आणि २००९ मध्ये इंडियन ओपन जिंकले. कोलकात्याचे चौरसिया हे मैदानावरच्या माळ्याचे चिरंजीव, त्यांनी २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे ती स्पर्धा जिंकली. मजुरी परवडत नसेल तर स्वतःची चार काठ्यांची पिशवी स्वतः उचला. पण ठरलेल्या पैशांत कपात नको.

आणि वेळेचे काय ?

खरा पेच इथे आहे. पैसे पाकिटातून निघतात, वेळ कोणाच्या तरी जेवणातून काढावा लागतो. अठरा खड्ड्यांच्या फेरीला चार तास सहज लागतात, जाणे-येणे वेगळे. नऊ खड्ड्यांना साधारण दोन-सव्वादोन तास. रेंजवर एक तास पुरतो. म्हणून सुरुवात आठवड्याला एका तासाने करा, आणि सहा महिन्यांनी महिन्यातून एकदा नऊ खड्डे.

हा तास चोरून काढू नका. भाजी आणायला म्हणून बाहेर पडायचे आणि रेंजवर जायचे, असे केलेत तर धडधड होईल आणि फटकाही चुकेल. घरच्यांना बसवून सरळ सांगा : "शनिवारी सकाळी सात ते साडेआठ मी नसेन. पोहे भिजवून ठेवीन, फोडणी तुम्ही द्यायची." पहिले दोन आठवडे फोडणी करपेल. तिसऱ्या आठवड्यात जमते. सासूबाई घरात असतील तर त्यांच्यावर सारे टाकून जाऊ नका, काम यजमानांच्या आणि मुलांच्या नावावर लिहा. मुलाची शिकवणी, यजमानांचे बॅडमिंटन यांच्या वेळा घराने जशा मान्य केल्या आहेत, तशीच ही एक वेळ. त्यांच्या कॅलेंडरवर ती पेनाने लिहून टाका.

पुढे यजमानांनाही यावेसे वाटले तर अडचण नाही. या खेळात 'हँडिकॅप' नावाची चांगली सोय आहे. कच्च्या खेळाडूला तिच्या कुवतीप्रमाणे फटक्यांची सूट मिळते. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत ती बायकांना आणि पुरुषांना सारखीच, ५४ पर्यंत आहे. त्यामुळे मुरलेला नवरा आणि नवशिकी बायको एकाच सामन्यात खरोखर बरोबरीने खेळू शकतात. कॅरममध्ये अशी सूट कोणी देत नाही !

या आठवड्यात एवढेच करा : जवळच्या रेंजला फोन करून ते तीन प्रश्न विचारा, वहीत दर लिहा आणि पुठ्ठ्याचे वर्तुळ कापून ठेवा. पटर नसेल तर मुलाची जुनी हॉकी स्टिक चालेल. वहीतला आकडा तुमच्या पाकिटात बसतो की नाही, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात याच पानावर : पावसाळ्यापूर्वी डाळी-कडधान्यांचे डबे कसे भरावेत.